दहाचा बोल्ट आणि हवेचा बुडबुडा

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, मी स्वतः बदलला होता आणि त्याबद्दल थोडं मिरवूनही झालं होतं. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ओतलं, झाकण लावलं, संपलं काम! दुसऱ्याच दिवशी टेम्परेचरचा काटा चढायला लागला आणि हीटरमधून मात्र गार वारा. डॅशबोर्डमागे कुणी माठ हलवतंय असा डुबुक डुबुक आवाज. मी घाबरून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेले आणि तुम्ही मनगटच धरलंत. "आतलं पाणी दाबाखाली आहे. झाकण सैल झालं की उकळून तोंडावर येईल." एवढ्यासाठीसुद्धा हे पत्र लिहायला हवं होतं.

इंजिन पार गार होईपर्यंत तुम्ही मला बसवून ठेवलंत. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो, पण त्याच्यापाशी हवा अडकली तर गरम पाणी त्याला शिवतच नाही, मग तो उघडणार कसा, हे तेव्हा कळलं. हीटर पूर्ण गरमवर, एअर काढायचा स्क्रू सैल, आणि कूलंट अगदी बारीक धारेने. आधी नुसती फुसफुस, मग फेस. मी स्क्रू आवळायला गेले तर म्हणालात, "थांब, अजून थुंकतंय." रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबत राहिलो. बुडबुड्याशिवाय सलग धार आली तेव्हा कुठे स्क्रू बंद. मग झाकण लावून पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवलं, पुन्हा गार होऊ दिलं आणि पातळी बघितली. घोटभर उतरली होतीच.

तीन दिवसांनी पुन्हा डुबुक डुबुक. दुसरा कुणी वैतागला असता. तुम्ही थर्मोस्टॅटच्या हाउसिंगच्या, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आवरणाच्या, कडेवरून बोट फिरवलंत, त्याला वाळलेल्या कूलंटची खरखरीत पापडी लागली. खाली थेंबही नव्हता, पण गाडी गार होताना आत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून हवा शिरत होती.

आता कबुली. हाउसिंगचा एक बोल्ट मी हरवला होता. दहाचा पाना लागायचा, म्हणून जुन्या बोल्टांच्या डब्यात 10 मिलिमीटर जाडीचा बोल्ट शोधत बसले! पान्याचं माप डोक्याचं. बोल्ट एम 6, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचा, आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर. शेवटी जो सापडला तो बसला, घट्टही झाला, पण 25 ऐवजी 30 मिलिमीटर लांब होता. भोकाच्या तळाला टेकून घट्ट झाला, हाउसिंग मात्र दाबलंच गेलं नाही. तुम्ही दोन्ही बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरलेत. आटे जुळत होते, टोक पुढे आलं होतं. इतकं साधं, आणि मी तीन दिवस गॅस्केटला (सांध्यातल्या चकतीला) शिव्या घालत होते.

नवा बोल्ट आधी बोटांनीच फिरवायला लावलात. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले, म्हणून पानाही टोकाला न धरता मध्यावर.

काटा आता मध्यावरच असतो. हीटर भाजतो.

आपली,
शेजारीण

ता. क. आट्यांमधलं अंतर मोजायचा तुमचा पिच गेज माझ्याकडेच राहिलाय. डब्यातले बोल्ट मोजून झाले की आणून देते.