मथळा वाचून गोळ्या बंद होतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर ‘एचआयव्हीवर अखेर इलाज’! चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उरलेली बातमी आतल्या पानावर हुडकली तेव्हा कळलं, चाचणी सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाची आणि माणसं अवघी १०. लस, प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध आणि अँटिबॉडीज देऊन मग त्यांच्या एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या थांबवल्या. ७ जणांत विषाणू काही महिने बराच दबून राहिला. तुलनेला दुसरा गट नव्हता. विषाणू पेशींत दडलेलाच आहे, गेलेला नाही. शास्त्रज्ञांचं कौतुकच आहे. मथळा देणाऱ्याचंही करायचं का?

माझा धाकटा भाऊ २००९ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रातून गोळ्या घेतो. लोकलमध्ये डबी खडखडू नये म्हणून आत कापूस कोंबायचा. २०११ मध्ये एचआयव्हीतून बरा झालेल्या ‘बर्लिनच्या पेशंट’ची बातमी अशीच ठळक आली होती (तेव्हाही घरी आपलाच पेपर यायचा). त्या माणसाला रक्ताचा कर्करोग होता आणि त्याला दुसऱ्याचा बोनमॅरो दिला होता, हे अगदी तळाला. भावाने मथळ्याचं तेवढं कात्रण पाकिटात ठेवलं आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. ‘ताई, औषध आलंय, आता कशाला रोज दोनदा विष खायचं?’ चार महिन्यांत सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ४१० वरून १६० वर. मग टीबी. परळच्या वॉर्डात त्याच्या उशाशी बसून मी ते कात्रण फाडलं.

चाचणीत गोळ्या थांबवतात तेव्हा डॉक्टर सतत रक्त तपासत असतात. लालबागच्या चाळीत कोण तपासणार?

आता रात्री एकच गोळी असते. काल जेवताना त्याने पेपर माझ्यापुढे सरकवला आणि नुसतं हसला. मी गोळी त्याच्या हातावर ठेवली, गिळेपर्यंत उभी राहिले. पन्नाशीच्या माणसाला!

आणि हो, गटाराबद्दलच्या माझ्या मागच्या पत्राखाली आपण नाव, चाळ, खोली नंबर सगळं छापलं होतं. गटार अजून तसंच आहे. या वेळी कृपा करून नाव-पत्ता काहीही छापू नये.

– एक वाचक, मुंबई