खो-खोच्या मैदानावरच्या माझ्या पहिल्या गुरूंना

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

मी सध्या गेम डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलेली, घरात संगणक नसलेली मुलगी या क्षेत्रात कशी आली, असे मला अनेकदा विचारले जाते आणि माझ्या उत्तराची सुरुवात आपल्यापासूनच होते. ज्यांच्या घरी खेळात रमणारे मूल आहे त्यांच्यापर्यंतही हे पोहोचावे, म्हणून आपले आभार जाहीरपणे मानत आहे.

खो-खो आम्ही सगळ्याच मुली खेळत होतो; त्याची रचना मात्र आपण दाखवलीत. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही आणि मुली बसतात ती मधली पाटी ओलांडायची नाही, पळणारीला मात्र बसलेल्या मुलींमधून कुठूनही निसटायची मुभा, हे आम्हाला अन्यायाचे वाटे. आपण वाद न घालता ही दोन्ही बंधने काढून एक डाव खेळायला लावलात. जी सगळ्यांत वेगवान होती ती एकटीच सर्वांना बाद करत सुटली आणि बाकीच्या आठ जणी नुसत्या बसून राहिल्या. खांबाला वळसा न घालता पाठलाग पाटीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचा तर खो द्यावाच लागतो, म्हणूनच त्या आठ जणींची गरज असते, हे त्या दिवशी लख्ख कळले. टाच उचललेली, बोटे मातीला टेकलेली, कान मागे लागलेले, अशी बसलेली मुलगी पळणारीइतकीच खेळात असते. आज कोणताही गेम आखायला घेतला की ज्याची पाळी नाही तो खेळाडू त्या वेळी काय करतो आहे, हाच प्रश्न मी आधी विचारते.

पाचवीच्या मुलींसाठी आपण फक्कीने मैदान नव्याने आखायचात. खांब जवळ आणायचे, मुलींच्या बसण्याचे चौक कमी करायचे, आणि तरीही मुली लवकर दमल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रेषा बदलायच्या. मापांचा आग्रह आपण मोठ्या स्पर्धांपुरता ठेवलात. युनिटी, सी शार्प, ब्लेंडर ही संगणकावर गेम बनवण्याची साधने मी पुढे शिकले आणि त्यांवर माझा हातही बसला. पण खेळणाऱ्याकडे पाहून आकडा बदलायची सवय त्या फक्कीच्या रेषांमधून आली.

2022 मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि पाठलाग करताना कोणत्याही दिशेला पळू शकणारा 'वजीर' आला, तेव्हा आपण फोनवर किती वेळ बोललो होतो! टीव्हीवरच्या सामन्याला त्याने वेग दिला, हे मला मान्य आहे. शाळेच्या मैदानावर मात्र तो नको, या आपल्या मताशी मी आजही सहमत आहे, कारण तिथे एकीला मोकळीक दिली की इतरांच्या वाट्याचा खेळ कमी होतो.

बारावीनंतर मी हा मार्ग निवडला तेव्हा बाबांना तो मोबाइलवर वेळ घालवण्याचा प्रकार वाटला होता. आपण घरी आलात, चहा होईपर्यंत माझा विषयही काढला नाहीत, आणि मग मी वहीत काढलेले खेळांचे पट एकेक करून त्यांना समजावून सांगितलेत. बाबांनी त्यानंतर कधी अडवले नाही. पुढे प्रवेशासाठी पोर्टफोलिओ तयार करताना माझा पुठ्ठ्यावरचा खेळ मुलांकडून तपासून घ्यायचा होता. तेव्हा आपण खेळाचा तास मला दिलात आणि मुले हसतात कधी यापेक्षा गप्प कधी होतात ते टिपून ठेव, असे सुचवलेत. आम्ही ज्याला प्लेटेस्ट म्हणतो, तिच्याबद्दल इतका उपयोगी सल्ला मला नंतर कोणीही दिलेला नाही.

माझा अंतिम प्रकल्प दोघांनी एकाच फोनवर खेळायचा गेम आहे. त्यात थांबलेल्या खेळाडूलाच पुढची दिशा ठरवता येते. ही कल्पना कुठून आली हे आपल्याला सांगायला नकोच. गेमच्या श्रेयनामावलीत आपले नाव घालण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. दिवाळीच्या सुटीत मी गावी येत आहे. तेव्हा तो पहिल्यांदा आपल्या मुलींच्या हातात द्यायचा आहे, आणि त्या कुठे गप्प होतात हे आपण माझ्या शेजारी बसून पाहावे, अशी फार इच्छा आहे.

आपली विद्यार्थिनी