विषय : १९७० च्या डॉज चॅलेंजर गाडीसाठी चुकीचा रंग पुरवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,

आपल्या ग्राहक सेवा विभागाशी आज दुपारी जे बोलणे झाले, त्यानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

माझी चॅलेंजर आर/टी डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅम्कच्या डॉज मेन कारखान्यात तयार झालेली आहे आणि तिच्या फेंडर टॅगवर, म्हणजे कारखान्याचे कोड कोरलेल्या धातूच्या पट्टीवर, एफसी७ हा रंगाचा कोड आजही स्वच्छ वाचता येतो. एफसी७ म्हणजे १९७० चा प्लम क्रेझी नावाचा जांभळा. तो मेटॅलिक आहे आणि उन्हात त्याच्या जांभळ्यातून बारीक चंदेरी कण चमकतात. २०१० मध्ये नव्या चॅलेंजरवर त्याच नावाने आलेला रंग पर्ल, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेला आहे. जुन्या गाड्यांचे रंग बनवून देणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना हा फरक ग्राहकाने सांगावा लागू नये.

आपण आधी पाठवलेला नमुना अगदी बरोबर होता. मागच्या दिव्याच्या रबराखाली, जिथे ऊन कधी पोहोचलेच नाही, तिथे कारखान्यातला मूळ रंग शिल्लक आहे. त्याच्याशेजारी नमुन्याचे कार्ड धरून माझ्या पेंटरने आणि मी तो उन्हात पारखला आणि मगच दोन्ही दरवाजे रंगवले. पुढची ऑर्डर त्याच मिश्रणाची होती आणि डब्यांवर लेबलही एफसी७ चेच होते. बॉनेट आणि फेंडर रंगवून बसवले, तेव्हा दरवाजाच्या फटीच्या एका बाजूला एक जांभळा आणि दुसऱ्या बाजूला निराळाच जांभळा दिसला. लेबल जुन्या रंगाचे आणि डब्यात नवा पर्ल, असा हा माल आपण पाठवला आहे.

आता आजच्या फोनबद्दल. आपले प्रतिनिधी आधी म्हणाले की फोटोत रंग वेगळा दिसतो. मी फोटोबद्दल नाही, समोर उभ्या असलेल्या गाडीबद्दल बोलतो आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला थांबायला लावले आणि बऱ्याच वेळाने येऊन विचारले, "सर, नाव तर प्लम क्रेझीच आहे ना?" मी दोन्ही रंगांतला फरक पुन्हा समजावला, नमुन्याच्या मिश्रणाचा क्रमांक वाचून दाखवला. तो त्यांनी लिहूनही घेतला नाही. उत्तर मिळाले ते असे : "लांबून कोणाला कळणार आहे? आणि एवढंच वाटत असेल, तर गाडीला रॅप करून घ्या." म्हणजे रंगाऐवजी गाडीवर रंगीत फिल्म चिकटवून घ्या! त्यांच्या मागे कोणीतरी हसलेले मला स्पष्ट ऐकू आले.

डेट्रॉइटच्या परिसरात एका मराठी माणसाने उभा केलेला व्यवसाय म्हणून मी आवर्जून आपल्याकडे आलो होतो, ओळखीच्यांनाही आपलेच नाव सुचवले होते, त्यामुळे हे हसणे अधिक लागले. रंग पूर्ण झाल्याशिवाय शेपटीला वळसा घालणारा पांढरा बम्बलबी पट्टा चढवता येत नाही, आणि ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गाडी न्यायची आहे. लेबल एफसी७ चे होते, हे पुन्हा सांगतो.

नमुन्याच्याच मिश्रणाचा रंग विनामूल्य पाठवावा, बॉनेट आणि फेंडर खरवडून पुन्हा रंगवण्याची मजुरी द्यावी आणि त्या प्रतिनिधींनी लेखी माफी मागावी. दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर ज्या कार्डाने पैसे भरले त्याच्या बँकेकडून ते परत मागेन आणि मिशिगनच्या अ‍ॅटर्नी जनरल कार्यालयातील ग्राहक संरक्षण विभागाकडे दोन्ही डब्यांच्या लेबलांच्या फोटोंसह तक्रार दाखल करीन.

आपला ग्राहक