क्रीडाशास्त्राची पदवी कोकणातही मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेतील खेळाडू मुलांचे पालक पुढे काय, असे विचारत माझ्याकडे येतात. व्यायाम व क्रीडाशास्त्राचे नाव काढले, की ‘म्हणजे पीटीचे सरच ना?’ हा प्रश्न ठरलेला. पीटीचे शिक्षक होण्यासाठीचा बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. क्रीडाशास्त्राच्या पदवीत मात्र शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींमागचे भौतिकशास्त्र, आहार, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकावे लागते. ही सरळसरळ विज्ञानाची पदवी आहे.

कोकणात तर या विषयाला अभ्यासाचे साहित्य अंगणातच आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते; पण एप्रिल-मेच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. सरावाआधी आणि नंतर अंग पुसून साध्या काट्यावर वजन केले, तर घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. साठ किलोच्या खेळाडूचे सव्वा किलो वजन उतरले, की उन्हात त्याचा दम आणि वेग कमी होऊ लागतो. हे ठाऊक असलेला माणूस मैदानावर असेल, तर सरावाची वेळ आणि पाण्याची सुट्टी अंदाजाने ठरणार नाही.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. भातकापणी आटोपली की गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. तीस सेकंदांच्या चढाईत पाय रोवून अंग वळवताना गुडघ्याची हाडे जोडून ठेवणारे लिगामेंट तुटते, आठवड्या-दोन आठवड्यांत सूज उतरते आणि पोरगा पट्टी बांधून पुन्हा मैदानात उतरतो. शस्त्रक्रियेनंतरही नऊ महिन्यांच्या आत खेळायला लागल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. याचे मला फार वाईट वाटते, कारण उडीनंतर पाय कसा टेकवावा आणि मांडीचे मागचे स्नायू कसे बळकट करावेत, हे शिकवता येते.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. येथील विज्ञान महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहेत. सुरुवातीला वजनकाटे, स्टॉपवॉच आणि नाडी मोजणारे पट्टे एवढ्यावरही पुष्कळ शिकवता येईल. मात्र या पदवीने कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही, त्यासाठी वेगळी पदवी लागते, हे महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगावे.

विद्यापीठाने प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका महाविद्यालयात ही पदवी उपलब्ध करून द्यावी आणि संस्थाचालकांनी त्यासाठी पुढील शैक्षणिक वर्षाआधी प्रस्ताव पाठवावेत, ही विनंती.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, दापोली (जि. रत्नागिरी)