पाइकच्या गळाचं सामान : पैसे ट्रेसवर घाला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडवर जो लेख आला तो वाचला, छान होता, पण त्यात पाइक मासा पकडायला दुकानातला कुठलाही स्वस्त सेट घेतला तरी चालतो असं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मूळचा रत्नागिरीकडचा, लहानपणी खाडीवर गरवायला जायचो, आता बरीच वर्षं इकडे शॅनन नदीच्या काठी अॅथलोनला राहतो. आपली बरीच मराठी पोरं नोकरीला इकडे येतात आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जातात, पाइकसाठी इथे सरकारी लायसन्सही लागत नाही, त्यामुळे हे त्यांना कळायलाच हवं.

पाइक म्हणजे आपल्या मरळीसारखा गवतात दबा धरून बसणारा मासा, पण तोंडात शेकड्यांनी दात आणि ते आत घशाकडे वळलेले. नुसता तंगूस (नायलॉनचा दोरा) कितीही जाड घेतला तरी तो त्या दातांवर कधी कापला जाईल सांगता येत नाही. म्हणून गरी (गळाचा आकडा) आणि मेन लाइन म्हणजे मुख्य दोरा यांच्या मधे तारेचा तुकडा लागतो, त्याला ट्रेस म्हणतात. मी पहिल्या हिवाळ्यात एका दुकानातून तयार सेट आणला होता, त्यातला ट्रेस जेमतेम वीतभर. लॉक री तळ्यावर फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) बुडाला, मासा जोरात ओढत गेला आणि त्याने अंगाभोवती लाइन गुंडाळून घेतली असणार, कारण ट्रेसच्या वरच दोरा तुटला. दोन तिहेरी गऱ्या तोंडात घेऊन तो मासा गेला. आजही आठवलं की वाईट वाटतं, मासा हातचा गेला म्हणून नाही, तो तसा गऱ्यांसकट गेला म्हणून.

नंतर शेजारच्या एका म्हाताऱ्या आयरिश गृहस्थांनी सगळं नीट शिकवलं. ट्रेस निदान ४५-५० सेंटीमीटर, ताकद २८ पाउंड वजनाच्या खाली नको आणि तारेला एकदा पीळ किंवा मुरड पडली की सरळ फेकून द्यायचा, सरळ करून परत वापरायचा नाही. लाइन साधी नायलॉन असेल तर १५ पाउंड, ब्रेड म्हणजे विणलेली लाइन असेल तर ५० पाउंडाची घ्या, कोणी म्हणेल एवढी कशाला, पण ब्रेड बारीक असते आणि दगडाला घासली की पटकन जाते. गाठ आवळायच्या आधी ओली करा. आमिषाने मासेमारी करायची तर १२ फुटी दांडी, पावणेतीन ते तीन पाउंड टेस्ट कर्व्हची (म्हणजे दांडी पुरती वाकायला लागणारं वजन), आणि ड्रॅग सुरळीत सुटणारं रीळ, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सोडणारं. रिळावर लई पैसे घालायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, वाचलेले पैसे ट्रेस आणि गऱ्यांवर घाला.

आणि लोक जे घेतच नाहीत ते म्हणजे मासा सोडवायचं सामान. दहा-बारा इंची लांब फोरसेप्स (चिमटा), तार कापायचा कटर, मोठी बिनगाठीची जाळी आणि माशाला खाली ठेवायला मऊ मॅट. गरी खोल गेली असेल तर ओढाओढ करू नका, कटरने गरीच तोडा, गरी दोन-चार युरोची असते. गऱ्यांच्या टोकाचे उलटे काटे आधीच पकडीने दाबून ठेवले तर मासा फार लवकर सुटतो. आमिष म्हणून आम्ही बांगड्याचा तुकडा लावतो (घरी तोच बांगडा तव्यावर असतो), आणि फ्लोट हलला की थांबायचं नाही, लगेच दांडी उचलायची, नाहीतर तो गिळतो.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे इथे २००६ पासून नियम आहे, दिवसाला एकच पाइक ठेवता येतो आणि तोही ५० सेंटीमीटरपेक्षा मोठा नको. जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदी, आणि दांड्या दोनच. म्हणजे पकडलेले बहुतेक मासे, आणि मोठे तर सगळेच, परत पाण्यात सोडायचे असतात, आणि ते जिवंत सोडायचे तर सामान धड पाहिजे.

तरी कृपया पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत ट्रेस, कटर आणि मॅटबद्दल दोन ओळी छापा. इकडे ऑक्टोबरपासून गर्दी वाढते, पोरं आत्ताच सामान घ्यायला लागलीत.

आपला,
एक जुना वाचक, अॅथलोन (आयर्लंड)