टॅक्रोलिमसच्या जागी परस्पर दुसरीच कॅप्सूल पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या वडिलांचं लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन आज २६ दिवस झाले. उजवा भाग मी दिला, त्यामुळे वजन उचलायला आणि गाडी चालवायला मलाही मनाई आहे. मेडिकलमध्ये खेटे घालणारं घरात कुणी नाही, म्हणून औषधं तुमच्या अ‍ॅपवरून मागवली.

चिठ्ठीत टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) १ मिग्रॅ, ब्रँडच्या नावासकट, सकाळी ९ ला दोन आणि रात्री ९ ला दोन, असं स्वच्छ लिहिलंय. तुमच्या खोक्यावर ब्रँड वेगळा, पण घटक तोच, १ मिग्रॅही तेच. आईने चष्मा लावून स्ट्रिप उजेडात धरली तेव्हा नावाखालची बारीक ओळ दिसली. औषध सावकाश सोडणारी, दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल! बिलावर मात्र ‘समान पर्याय’.

कसला समान? हे औषध रक्तात कमी पडलं तर शरीर नवं लिव्हर नाकारू शकतं. जास्त झालं तर हात थरथरतात, किडनीवर ताण येतो. म्हणून तर रक्तातली त्याची लेव्हल सारखी तपासतात. तपासणीच्या सकाळी बाबा ९ चा डोस न घेता मास्क लावून लॅबच्या बाकावर बसतात, कॅप्सूल शर्टाच्या खिशात. रक्त दिलं की तिथेच घेतात. एवढं सांभाळायचं आणि तुम्ही न विचारता औषधच बदलायचं.

घरात सहा कॅप्सूल उरल्या होत्या, म्हणजे दीड दिवस. तुमच्याकडे तीन फोन केले. दोघं म्हणाले, “सर, सॉल्ट सेम आहे,” म्हणजे घटक तोच. तिसरीने रिटर्न पिकअपला ५ ते ७ दिवस सांगितले. शेवटी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरने हॉस्पिटलच्या फार्मसीत स्ट्रिपा बाजूला ठेवायला लावल्या आणि मामा रात्री रिक्षाने जाऊन घेऊन आले.

तुमच्याच खोक्यावर शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध, असं छापलंय. औषधे नियम, १९४५ मधल्या नियम ६५ (११अ) प्रमाणे अशा चिठ्ठीवर, घटक तोच असला तरी, दुसरं औषध परस्पर देता येत नाही. मग हा बदल कोणत्या फार्मासिस्टने मंजूर केला, की अ‍ॅपनेच केला, ते लेखी कळवा. पैसे परत करा. आणि ट्रान्सप्लांटच्या औषधांवरचा तो ‘समान पर्याय’ बंद करा. माल नसेल तर नाही म्हणून सांगा, आम्ही दुसरीकडे बघू.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र, बिल आणि स्ट्रिपच्या फोटोसह, अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल.

आपला,
एक ग्राहक