नुसता स्विच गेला, मग अख्खा लॉकसेट कशाला?

माननीय संपादक,

माझी 2009 ची मारुती 800 परभणी-जिंतूर रस्त्यावर चालता चालता बंद पडू लागली. किल्ली जरा हलवली की डॅशबोर्डवरचे दिवे परत लागायचे. एका गॅरेजात दारांच्या कुलपांसकट अख्खा लॉकसेट बदला म्हणाले. दुसरीकडे वायरी परस्पर जोडून किल्लीऐवजी बटण बसवून देतो म्हणाले. हे तर जिवावरचं काम! किल्ली काढलेली राहिली आणि चालत्या गाडीत स्टीअरिंग लॉक झालं तर?

किल्ली फिरते तो कुलपाचा सिलिंडर वेगळा, त्यामागचा गाडी चालू-बंद करणारा विजेचा स्विच, म्हणजे इग्निशन स्विच, वेगळा. आमच्या जुन्या मिस्त्रींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, मग स्टीअरिंगखालचं कव्हर उघडलं. स्विचचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडले होते. तेवढाच बदलला, किल्ली जुनीच चालते.

हा दोष किरकोळ समजू नये. 2014 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या. जड जुडग्याच्या ओढीने किल्ली फिरून इंजिन बंद व्हायचं आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसत.

मराठवाड्यात जुन्या गाड्यांवरच कितीतरी घरं चालतात. गॅरेजवाल्यांनी काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि काय बदललं ते बिलावर स्पष्ट लिहावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, परभणी